मदत हवी: तंतूंच्या आयातीची प्रदेशवार तुलना, २००७ ला घायपात गायब!

नमस्कार मंडळी,

ताग, घायपात, काथ्या, अबाका (केळीच्या जातीच्या झाडाचा तंतू) आणि फ्लॅक्स (जवसाच्या खोडाचा तंतू) यांची आयात १९९६ पासून युरोप, दक्षिण आशिया आणि पूर्व आशियात कशी बदलत गेली, याचा तक्ता करतोय. कापूस मुद्दाम वगळलाय. तो आला की बाकीचे सगळे आलेखाच्या तळाला चिकटतात.

आकडे कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या साठ्यावरून उतरवले, आलेख काढला आणि हबकलोच. युरोपची घायपाताची रेघ २००६ पर्यंत धडपणे चालते आणि २००७ ला थेट जमिनीवर. त्याच वर्षी काथ्याच्या रकान्याला मात्र पूर! आधी वाटलं, माझंच सूत्र गंडलंय. दोन संध्याकाळी घालवल्यावर उलगडा झाला. घायपाताचा ५३०४ हा एचएस क्रमांक (एचएस म्हणजे व्यापारी मालाचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) २००७ च्या आवृत्तीत रद्द झाला आणि माल ५३०५ मध्ये, काथ्या-अबाकाच्या पंगतीला बसवला. त्यातून काही देशांनी ही आवृत्ती उशिरा लागू केली, म्हणजे ही घसरण सगळीकडे एकाच वर्षी दिसणार नाही.

तर हे तिन्ही पुन्हा सुटे करता येतील का, की १९९६ पासूनच एका गठ्ठ्यात बांधू?

दुसरी अडचण सीमांची. युरोपीय संघ १९९६ ला १५ देशांचा, २००४ ला २५ चा, २०१३ ला २८ चा. शिवाय फ्रान्समधला फ्लॅक्स बेल्जियमला गेला तरी तो आयातच. नशीब, १९४७ पर्यंत मागे जायचं नाहीये. तागाची शेतं पूर्व बंगालात, गिरण्या कलकत्त्याभोवती. फाळणी झाली आणि घरचा माल आयातीचा झाला.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १
सीमेचं सोपं आहे. आजचे २७ देश धरा, तेच मागे १९९६ पर्यंत न्या आणि त्यांचा आपसातला व्यापार वजा करा. तुलना टनांत ठेवा, डॉलरमध्ये भावाची चढउतार मिसळते. तागाचे जुने आकडे गासड्यांत मिळाले तर १८० किलोची गासडी आहे ना, ते आधी बघा.

५३०५ फोडायचा तर माल कुठून आला ते बघा. ब्राझील, टांझानिया, केनियातून येतो तो बहुतांशी घायपात. श्रीलंकेतून काथ्या. फिलिपाइन्स आणि इक्वेडोरमधून अबाका. हीच वाटणी आधी १९९६ ते २००६ वर करून पाहा, तेव्हाचे खरे सुटे आकडे तुमच्याकडे आहेतच. किती चुकतं ते लगेच कळेल. आणि गठ्ठाच बांधलात तर त्याला ‘कठीण तंतू’ म्हणू नका, त्यात रॅमी हा तंतूही आहे आणि तो झाडाच्या सालीचा, म्हणजे मऊ.

धागाकर्ता
भारी! ब्राझीलचं जुळलं. फिलिपाइन्सला मात्र फसतंय, तिथून काथ्याही निघतो, विशेषतः चीनकडे.

प्रतिसाद १
मग तिथे किलोमागे भाव काढा. अबाका काथ्याच्या कितीतरी पट महाग असतो. भाव खाली आला की काथ्याचा वाटा वाढलाय असं धरा. फक्त हा अंदाज आहे, हे तक्त्याखाली लिहा.