मदत हवी आहे : दारूगोळ्याच्या मालवाहू जहाजावरच्या मोठ्या आजोबांचा शोध

नमस्कार मंडळी. माझ्या आजोबांचे थोरले बंधू, आम्ही त्यांना मोठे आजोबा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात मालवाहू बोटीवर आगवाले, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, होते. गाव रत्नागिरीच्या खाडीकाठचं. ओळखीच्या सारंगामार्फत (खलाशांच्या मुकादमामार्फत) मुंबईत भरती झाले, तेव्हा अठराही पूर्ण नव्हते.

ते आजीला सांगायचे की बोटीत बॉम्ब आणि दारूगोळा भरलेला असायचा, डेकवर विडी ओढायला सक्त मनाई, आणि खाली बॉयलरपाशी मात्र रात्रंदिवस कोळसा ओढायचा. ही गोष्ट मला अजूनही झोपू देत नाही.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' ही मालवाहू बोट स्फोटात फुटली. तिच्यात कापसाच्या गाठींसोबत सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. मोठे आजोबा त्या दिवशी गोदीतच होते, पण दुसऱ्या बोटीवर. ती 'जलपद्मा', 'बरोडा', 'फोर्ट क्रेव्हियर' यांपैकी एक होती की वेगळीच, हे कुणालाच आठवत नाही. डिस्चार्ज बुक, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, पुरात गेलं. उरलाय एक फोटो आणि बर्मा स्टार हे युद्धपदक.

बोटीचं नाव कसं शोधावं? लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधले क्रू ॲग्रीमेंट (बोटीवरच्या खलाशांचे करारनामे) कुणी पाहिलेत का? भारतीय खलाशांची नावं त्यांत कशी लिहिलेली असतात, वडिलांच्या नावासह की गावासह? मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये युद्धात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे, पण मोठे आजोबा परत आलेले, म्हणून तिथं नाव नसणार. कोकणातल्या कुणाच्या घरी अशी कागदपत्रं असतील तर कृपया कळवा. आजी ९१ वर्षांची आहे, तिला त्या बोटीचं नाव ऐकवायचंय.