मल्टिप्लायर रीळ: दर फेकीला गुंतवळ, चुकतंय कुठे?

भाट्येकर

मंडळी, मी रत्नागिरीचा. लहानपणी हातदोरी, मग दहा वर्षं साधं फिक्स्ड स्पूल, म्हणजे फेकताना ज्याची दोराची फिरकी (स्पूल) स्थिर राहते ते रीळ. मे महिन्यात मामेभाऊ इंग्लंडहून आला आणि जाताना त्याचं जुनं आबू 6500 माझ्या हातात ठेवून गेला. हे मल्टिप्लायर, फेकताना याचं स्पूलच फिरतं. दोर सारखा पसरवणारी सरकती कडी नसलेलं मॉडेल आहे. "किनाऱ्यावरून लांब टाकायचं तर हेच" एवढं म्हणाला. कसं टाकायचं ते राहूनच गेलं.

पाऊस सरल्यावर भाट्याच्या वाळूत चार संध्याकाळी उभा राहिलो. तेरा फुटी रॉड, 140 ग्रॅम शिसं, कोळंबी. मासा शून्य, गुंतवळी अकरा. शेवटची सोडवताना बायकोला टॉर्च धरायला लावला, तर म्हणते, "यापेक्षा लेकीचे केस विंचरणं सोपं."

आतापर्यंतचे उद्योग: बेअरिंग पेट्रोलमध्ये धुतली, त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं, आतल्या बाकी भागांनाही बोट फिरवलं. स्पूल काठोकाठ भरलं, ब्रेडेड म्हणजे विणलेल्या दोराने. टिचकी मारली की भिरभिर फिरतच राहतं, मला वाटलं काय झकास झालंय. मग गुंतायला लागलं म्हणून बाजूचा नॉब आवळला. आता शिसं पन्नास मीटरवर पडतं आणि गुंततं ते गुंततंच. विकून टाकू का?

वेंगुर्ला-वेमथ

विकू नका हो. तुम्ही रीळ बिघडवलं नाहीये, जरा जास्तच सुधारलंय.

मी तेरा वर्षं इकडे इंग्लंडला डॉर्सेटमध्ये चेसिलच्या किनाऱ्यावर गरवतो. वाळू नाही, 29 किलोमीटर नुसते गोटे. पोर्टलंडच्या टोकाकडे गेलात की गोटे मोठे होत जातात. अंधारात किनाऱ्याला लागलेले जुने मच्छीमार म्हणे हातात गोटा घेऊन सांगायचे, आपण कुठे आलोय ते. माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या गुंतवळींचा तंगूस (नायलॉनचा दोर) त्याच गोट्यांवर बसून सुरीने कापलाय, बोटं गारठलेली असताना. तेव्हा लाजू नका.

गुंतवळ म्हणजे काय ते एकदा डोक्यात बसवा. फेकीत स्पूल मिनिटाला हजारो फेऱ्यांचा वेग घेतं. शिसं हवेत गेलं की वाऱ्याने मंदावायला लागतं, पण स्पूलला ते कळत नाही. ते दोर सोडतच राहतं. शिसं ओढतंय त्यापेक्षा जास्त सुटलेला दोर जाणार कुठे? स्पूलवरच फुगतो. ब्रेक, तेल, अंगठा, सगळा खटाटोप त्या फरकासाठी.

म्हणून मला आधी एकच सांगा: गुंततं कधी? फेकल्या फेकल्या, मध्यावर, की शिसं पाण्यात पडल्यावर?

सुरुवातीलाच फुगत असेल तर दोष बहुतेक हाताचा. रॉडला झटका बसतोय. फिक्स्ड स्पूलवाल्यांची ही हमखास खोड, कारण ते रीळ झटका माफ करतं. इथे हळू सुरू करून शेवटी जोर लावायचा, भरल्या बादलीतलं पाणी लांब भिरकावतो तसा. मध्यावर फुगत असेल तर ब्रेक कमी, समोरचा वारा, नाहीतर आमिष फडफडतंय. कोळंबी बारीक दोऱ्याने गरीला आवळून बांधा. आणि शेवटी फुगत असेल तर अंगठा उशिरा पडतोय. शिसं पाण्याला टेकायच्या किंचित आधी स्पूल थांबलं पाहिजे. अंधारात पडताना दिसत नाही, पण दोर सैल पडल्याचं अंगठ्याला कळतं. मला ते कळायला एक अख्खा हंगाम लागला.

आता तुमचे उद्योग. शिलाई मशीनचं तेल पातळ, धुतलेल्या बेअरिंगमध्ये स्पूल सुसाट सुटतं. रिळासाठी मिळणारं जाड तेल घ्या, एका बेअरिंगला एक थेंब. घट्ट तेल हाच पहिला ब्रेक. नॉब फेक आवरण्यासाठी नाहीच. स्पूल बोटाने डावी-उजवीकडे ढकललं तर जेमतेम जाणवेल एवढी हालचाल ठेवा. आवळून ठेवलात तर अंतरही जातं आणि बेअरिंगही.

ब्रेडेड दोर काढा. बारीक दोर स्वतःच्याच वेढ्यांत रुततो आणि अंगठाही कापतो. साधा 0.35 मिलिमीटर जाडीचा तंगूस भरा, काठापासून दोन मिलिमीटर खाली. अंगठ्याने डावी-उजवीकडे नेत सारखा बसवा. मधे ढीग आणि कडेला खळगा झाला की पुढच्या फेकीला बोंब.

आणि पुढे शॉक लीडर, म्हणजे फेकीचा ताण सोसणारा जाड दोराचा तुकडा, लावलाय ना? हे गमतीत घेऊ नका. 28 ग्रॅम शिशाला 10 पौंड ताकद हा इकडचा हिशोब, म्हणजे तुमच्या 140 ग्रॅमला 50 पौंडी. फेकायच्या वेळी स्पूलवर त्याचे सहा वेढे तरी असायला हवेत, तुमच्या रॉडला सात-आठ मीटर पुरेल. गाठ स्पूलच्या कडेला ठेवा, अंगठ्याखाली आली तर सालटं काढेल. लीडरशिवाय दोर तुटला तर ते शिसं गोळीसारखं जातं, आणि भाट्याला संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळत असतात.

शेवटचं: रीळ उघडा. स्पूलच्या टोकाला आडव्या पिनांवर दोन छोटे प्लास्टिकचे मणी दिसायला हवेत. स्पूल फिरलं की ते बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या गोल कड्याला घासतात, तोच ब्रेक. ते आहेत का बघा. त्या कड्याला तेल लावलं असेल तर पुसून कोरडं करा, तेलकट कड्यावर ब्रेक काय लागणार!

देवबागचो

भाट्येकरानू, रागावू नकात, पण आमचो आजो नुसत्या तंगसान गोबरे काढी. ना रीळ, ना ब्रेक. असो. मल्टिप्लायर माझ्याकडेय आसा, पण तो होडीयेत. थंय सरळ खाली सोडूचा, फेकूचा नाय, गुंतवळीचो प्रश्नच नाय.

एक सांगतंय. गुंतवळ झाली की ओढाताण करू नकात. अंगठो स्पूलवर घट्ट दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मगे दोर हळू ओढा. अर्धी गुंतवळ आपणच सुटता.

भाट्येकर

दादा, मणी नाहीत! दोन्ही पिना मोकळ्या. व्हिडिओ कॉलवर मामेभावाला विचारलं तर हसत सुटला. तो मैदानावरच्या लांब फेकीच्या स्पर्धांना जायचा, तिथे काढून ठेवले आणि विसरला. म्हणजे मी इतके दिवस बिनब्रेकच्या सायकलने घाट उतरत होतो. कडंही तेलाने चकाकत होतं, ते माझं पाप.

गुंततं मध्यावर. एखाद दुसऱ्या वेळी सुरुवातीलाही, ते झटक्याचं कळलं. मणी इथे मिळेपर्यंत काय करू? आणि चुंबक लावतात म्हणे, ते काय?

वेंगुर्ला-वेमथ

वाटलंच होतं. मणी येईपर्यंत इलेक्ट्रिक वायरचं प्लास्टिक आवरण चालतं, इथले म्हातारे तेच करतात. पिनेवर सैल सरकेल असं निवडा. दोन्ही तुकडे अगदी सारख्या लांबीचे कापा, नाहीतर स्पूल थरथरतं. मोठे तुकडे जास्त ब्रेक, छोटे कमी. मोठ्यांपासून सुरू करा.

चुंबकाचं असं की स्पूल ॲल्युमिनियमचं, त्याला चुंबक चिकटत नाही. पण ते चुंबकाजवळून फिरलं की त्यात वीज खेळते आणि ती फिरण्यालाच विरोध करते. जितकं जोरात फिरेल तितका विरोध जास्त, आणि घासत काहीच नाही. हँडलच्या विरुद्ध बाजूच्या झाकणात आतून छोटी चुंबकं बसवतात. सरकवता येतील अशी बसवली तर वारा बघून ब्रेक बदलता येतो. छान प्रकार आहे, पण आत्ता नको. आधी मण्यांवर हात बसू दे.

सराव मोकळ्या सड्यावर करा, गरी न लावता. कातळावर तंगूस खरवडतो, म्हणून जुना वापरा आणि फेकायच्या आधी ओला करा.

अर्नाळ्याची

धुण्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. घरी आल्यावर ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोर किती ताणावर सुटावा ते ठरवणारा ब्रेक) आवळून नळाच्या बारीक धारेखाली धरायचं. बादलीत बुडवायचं नाही आणि पाइपचा जोर मारायचा नाही, खारं पाणी त्याने आत जातं. पुसून वाळलं की ड्रॅग पूर्ण सैल, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि मासा लागल्यावर दोर धक्क्याधक्क्याने सुटतो. गिअरला बोटीचं ग्रीस, पातळ थर. पण हँडल उलटं फिरू न देणारं रोलरचं बेअरिंग असेल तर त्यात ग्रीस नको, घसरायला लागतं. आणि शिलाई मशीन झालं, आता कोणी खोबरेल सुचवायच्या आत सांगते: नको.

भाट्येकर

अहवाल. वायरच्या आवरणाचे मणी, 0.35 चा तंगूस, घट्ट तेल, कडं कोरडं. सड्यावर दोन सकाळी तीस-तीस फेकी. पहिल्या दिवशी तीन गुंतवळी, दुसऱ्या दिवशी एक, तीही शेजारच्या काकांनी हाक मारली म्हणून. पावलांनी मोजलं, एकशे पंधरा पावलं.

काल भाट्याला गेलो. भरती संपत आलेली, वारा पाठीमागून. एक शिंगाळा, अर्ध्या किलोचा असेल. काढताना काटा तळहातात गेला आणि रात्रभर ठणकला. बायकोने विचारलं, "गुंतवळ?" म्हटलं, "एकपण नाही." तिने टॉर्च कपाटात ठेवला.

मण्यांचं पाकीट मामेभाऊ पाठवतोय. त्यात दोन आकार आहेत म्हणे, पहिले कुठले लावू?

वेंगुर्ला-वेमथ

मोठे.