कॉम्प्रेशन टेस्टमध्ये शेजारचेच दोन सिलिंडर कमी आहेत, म्हणून आधी गॅस्केट बघा

तुमच्या चार सिलिंडरच्या इंजिनच्या कॉम्प्रेशन टेस्टचे (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं) १५०, १४५, ९५, ९० पीएसआय (दाबाचं एकक) हे आकडे बघून वर बहुतेकांनी 'रिंगा (पिस्टनभोवतीच्या, दाब धरून ठेवणाऱ्या कड्या) गेल्या, इंजिन उतरवा' असं सांगून टाकलंय. मला नाही पटत. वयोमानाने रिंगा झिजतात तेव्हा साधारण चारही सिलिंडर खाली येतात. इथे मात्र नेमके शेजारशेजारचे तीन आणि चार बसलेत. माझा पहिला संशय हेड गॅस्केटवर (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील), त्या दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर.

टेस्टच्या वेळी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा होता ना? आणि चारही स्पार्क प्लग काढलेले? नसतील तर आधी टेस्ट परत घ्या, इंजिन गरम असताना.

मग कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा क्रँक मारा (स्टार्टरने इंजिन फिरवा). गेजचा काटा चांगला वर चढला तर रिंगा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. गेजचा पहिला झटकाही बघा (हे कुणी बघतच नाही, सगळे शेवटचा आकडा लिहून मोकळे). सुरुवात कमी आणि मग दर झटक्याला चढत गेला, तर ते रिंगांचं लक्षण.

तरीही खात्री नसेल तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं). पिस्टन वरच्या टोकाला आणून हवा भरा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. तिसऱ्यात भरलेली हवा चौथ्याच्या प्लगच्या भोकातून आली, तर गॅस्केटच. तसं निघालं तर हेड उतरवल्यावर ते वाकलंय का, तेही तपासून घ्या.