मदत हवी आहे: समुद्रातून वर आलेला जुना नांगर बंदरावर मांडायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गातल्या एका बंदराच्या गावचा. आमच्याकडच्या एका ट्रॉलरच्या जाळ्यात मोठा लोखंडी नांगर अडकला. तांडेलाने (बोटीच्या म्होरक्याने) जाळं कापून तो सोडून दिला नाही, धक्क्यापर्यंत ओढत आणला, याचं मला फार कौतुक वाटतं. नांगर माणसापेक्षा उंच आहे. खाली दोन वाकडे हात आणि पाती, वर लोखंडीच आडवा दांडा, त्याच्यावर साखळी जोडायचं जाडजूड शॅकल. सगळ्यावर चुना आणि शिंपल्यांचं कवच चढलंय. बंदर चौकीत आणि तहसील कार्यालयात लेखी कळवलं आहे.

गावाला तो इथेच हवा आहे, धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत. मलाही. ज्यांच्या जाळ्यात तो आला त्यांच्या पोरांनी शाळेत जाता-येता तो बघावा, हात लावून बघावा. शहरातल्या एखाद्या गोदामात क्रमांक लावून पडला तर आमच्यापैकी कोणालाच तो परत दिसायचा नाही.

पण घाईत वाटोळं व्हायला नको. एका ठेकेदाराचं म्हणणं असं, की सँडब्लास्टिंग करू (जोराने वाळू मारून घासू), चंदेरी रंग मारू आणि काँक्रीटच्या कट्ट्यात अर्धा पुरून टाकू. मी थांबवलं. समुद्रातून काढलेलं लोखंड उघड्यावर वाळलं की आतल्या मिठामुळे फुटतं, पापुद्रे सुटतात, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून सध्या तो खाडीत, ओहोटीलाही उघडा पडणार नाही अशा जागी बांधून ठेवलाय. पुढे काय करायचं? आणि आमच्या खाऱ्या वाऱ्यात, चार महिने कोसळणाऱ्या पावसात, संग्रहालयात करतात ते उपाय टिकतील का?

दुसरी अडचण पाटीची. गावातल्या बऱ्याच जणांना त्यावर 'आंग्र्यांच्या आरमारातील नांगर' असं लिहून हवं आहे. कान्होजींबद्दल माझ्या मनात काय आहे ते इथे वेगळं सांगायला नको. पण कान्होजी गेले १७२९ मध्ये आणि त्यांचे पुत्र तुळाजी यांचं आरमार विजयदुर्गला जळालं १७५६ मध्ये. जहाजांना नांगरासाठी दोराऐवजी लोखंडी साखळी सर्रास वापरू लागले ते एकोणिसाव्या शतकात. त्या आधीच्या मोठ्या नांगरांचा आडवा दांडाही बहुधा लाकडी असायचा. मग हा आंग्रेकालीन कसा म्हणायचा? ज्येष्ठांचं मन न दुखवता हे कसं समजवावं, तेही सुचवा.

प्रतिसाद १

पाण्यात ठेवलात हे उत्तम केलंत. सँडब्लास्टिंग अजिबात नको, त्यात मूळ पृष्ठभाग जातो आणि त्यावर कोरलेला छाप किंवा वजनाचा आकडा असलाच तर तोही जातो. कवच हळूहळू काढताना दांड्यावर आणि पात्यांवर असे छाप नीट शोधा. तुमच्या पाटीचं उत्तर तिथेच मिळू शकतं. गोव्याजवळ सेंट जॉर्ज रीफवर बुडालेल्या जहाजाचा काळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना असाच लागला. तिथल्या कौलांवर 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा छाप होता.

खरं काम मीठ काढायचं. नांगर मावेल अशा टाकीत गोडं पाणी आणि कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडा घालून बुडवून ठेवतात. पाण्यात उतरलेलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, मोजत राहतात आणि ते वाढलं की पाणी बदलतात. एवढ्या जाड लोखंडाला वर्षं लागू शकतात. कमी दाबाचा वीजप्रवाह सोडून वेळ वाचवता येतो, पण ते जाणकाराच्या देखरेखीखालीच करा, त्यात हायड्रोजन सुटतो. कॉस्टिकच्या टाकीला कुंपण हवंच, आसपास मुलं असतात. मीठ निघाल्यावर गंज रोखायला टॅनिक आम्ल, मग झिंकचा थर आणि इपॉक्सीचा लेप. उघड्यावर नुसतं मेण टिकणार नाही.

काँक्रीटमध्ये पुरू नका. जिथे लोखंड काँक्रीटमध्ये शिरतं तिथेच पाणी मुरतं आणि तिथूनच ते खायला सुरुवात होते. जांभ्याच्या कट्ट्यावर दोन आधार द्या, मध्ये जाड रबर, खाली पाणी वाहून जाईल असा उतार. वर कौलारू छप्पर घातलंत तर निम्मी लढाई जिंकलात.

कागदपत्रांचं म्हणाल तर, सापडलेली वस्तू आपोआप गावाची होत नाही. जहाजाचे अवशेष सापडले तर रिसीव्हर ऑफ रेककडे (अशा अवशेषांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा येतो. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमध्ये राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे, तिथे जा. धक्क्याच्या जागेसाठी मेरीटाईम बोर्ड, आणि बांधकाम किनाऱ्यावर असल्याने सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी.

प्रतिसाद २

सिडनीहून लिहितेय. इथे ब्रॅडलीज हेडला, अगदी पाण्याच्या काठावर, 'सिडनी' या युद्धनौकेची डोलकाठी उभी आहे. याच नौकेने नोव्हेंबर १९१४ मध्ये जर्मनांची 'एम्डेन' निकामी केली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला मद्रासवर तोफा डागणारी ती एम्डेन. डोलकाठी १९३४ पासून तिथे आहे, बाजूने लोक फिरायला जातात, तिकीट नाही. मुंबईतही लायन गेटजवळ जुन्या 'विक्रांत'च्या लोखंडातून घडवलेलं स्मारक आहे, पण ते नव्याने घडवलेलं. तुमचा नांगर आहे तसा दिसेल, हे मला मोलाचं वाटतं.

पाटीबद्दल: कधी, कुठे, कोणत्या बोटीच्या जाळ्यात मिळाला, हे मोठ्या अक्षरात लिहा. तांडेलाची परवानगी घेऊन त्याचं नाव घाला. गावाला अभिमान वाटावा असं त्यात भरपूर आहे आणि सगळं खरं आहे. आंग्र्यांसाठी शेजारी वेगळा फलक करा, त्यावर त्यांचा खरा इतिहास येऊ द्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वेगळ्या फलकाची कल्पना ग्रामसभेत मांडतो, ती पटेल असं वाटतं. रत्नागिरीला जाऊन येतो, तोवर नांगर पाण्यातच. आता टाकीचा प्रश्न: बर्फाच्या कारखान्याची एक जुनी पत्र्याची टाकी फुकट मिळते आहे. सोड्याच्या पाण्याला ती चालेल, की विटांची बांधून आत प्लास्टिकचं जाड अस्तर घालावं? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया कळवा, खर्चाचा अंदाज दिलात तर ग्रामसभेत मांडायला सोपं जाईल.