प्राईड मिरवणुकीचा उत्सव आणि समलिंगी विवाहाची मागणी: यांची सांगड कशी घालावी?

प्रश्न:
आमच्या गटात प्राईड मिरवणुकीच्या, म्हणजे समलिंगी व तत्सम लोक दरवर्षी अभिमानाने काढतात त्या मिरवणुकीच्या, स्वरूपावरून मतभेद झाले आहेत. विवाहाच्या हक्काची मोहीम चालू असताना नाचगाणे आणि भडक वेशभूषा आवरती घ्यावी, कारण ज्यांचे मन वळवायचे आहे ते लोक त्यामुळे बिचकतात, असे काहींना वाटते. वर्षातून एकदाच मोकळेपणाने रस्त्यावर येणाऱ्यांना आपणच ‘नीट दिसा’ असे बजावणे अन्यायाचे आहे, असे इतरांचे म्हणणे आहे. या वादात उतारवयातली जोडपी, ज्यांना कायदेशीर नात्याची सर्वाधिक निकड आहे, ती मागे पडतील अशी मला काळजी वाटते. इतरत्र हा प्रश्न कसा हाताळला गेला?

प्रतिसाद १:
हा वाद पहिल्या प्राईड मिरवणुकीहूनही जुना आहे. १९६५ ते १९६९ या काळात दर ४ जुलैला अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात समलिंगी कार्यकर्ते फलक घेऊन शांतपणे निदर्शने करत, आणि पुरुषांनी कोट-टाय तर स्त्रियांनी स्कर्ट किंवा झगा घालूनच यावे, असा या निदर्शनांचे एक संघटक फ्रँक कॅमेनी यांचा दंडक होता. स्वतः कॅमेनी यांची सरकारी नोकरी समलिंगी असल्यामुळे १९५७ मध्ये गेली होती. नोकरीचा हक्क मागणाऱ्याने नोकरदारासारखे दिसावे, ही त्यांची भूमिका त्या अनुभवातून आलेली होती. जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांची धाड पडली, लोकांनी प्रतिकार केला, आणि २८ जून १९७० रोजी त्या घटनेच्या स्मरणार्थ जी मिरवणूक निघाली तिच्यात पोशाखाची कोणतीही अट नव्हती. आज जगभर चालते ती परंपरा या मिरवणुकीची आहे. कोट-टाय घालून उभे राहिलेल्यांचे धैर्य मला मोठेच वाटते, परंतु ज्यांना तसे दिसणे शक्यच नव्हते त्यांना त्या रांगेत जागा नव्हती, आणि ती चूक पुन्हा करू नये.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र मते मिरवणुकीने मिळतात असे समजू नका. आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी विवाहसमानतेच्या बाजूने कौल दिला, तो मुख्यतः घरोघर जाऊन केलेल्या प्रचारामुळे आणि आपल्या मुलामुलींविषयी उघडपणे बोलणाऱ्या आईवडिलांमुळे, असे माझे मत आहे. तैवानची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मे २०१७ मध्ये अनुकूल निर्णय दिला, नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात लोकांनी विरोधी कौल दिला, आणि तरीही मे २०१९ मध्ये कायदा झाला. असा पराभव पचवून पुन्हा कामाला लागायचे तर माणसे एकमेकांना धरून असावी लागतात, आणि तैपेईत २००३ पासून दरवर्षी निघणाऱ्या मिरवणुकीचे मोल मला त्यातच दिसते.

प्रतिसाद ३:
उतारवयातल्या जोडप्यांचा मुद्दा प्रश्नकर्त्याने मांडला, पण त्याला अजून कोणी हात घातलेला नाही. अमेरिकेतील ईडिथ विंडसर आणि थिया स्पायर या दोघींनी चार दशके एकत्र काढल्यानंतर २००७ मध्ये कॅनडात लग्न केले. २००९ मध्ये स्पायर वारल्या, आणि संघराज्याच्या कायद्याला हे लग्न मान्य नसल्यामुळे विंडसर यांना ३ लाख ६३ हजार डॉलरांहून अधिक वारसा कर भरावा लागला. पती वारला असता तर त्यांना तो लागला नसता. २६ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या. विवाहाची मागणी म्हणजे नेमके काय हे अशा हकिकतीतून लोकांना कळते, म्हणून तुमच्या गटातील वयस्क जोडप्यांची इच्छा असेल तर त्यांना मिरवणुकीच्या अग्रभागी चालू द्या आणि सभेत बोलण्याचा पहिला मान द्या. मागे कोणी कसा पोशाख करावा, यावर मात्र बंधन घालू नका.