'मिस्टर मेहमेत' की 'मिस्टर यिल्माझ'?

प्रश्न: इस्तंबूलच्या एका पुरवठादाराशी ईमेलवर व्यवहार चालू आहे. समजा त्याचं नाव मेहमेत यिल्माझ. त्याचे सहकारी त्याला 'मेहमेत बे' म्हणतात, तर आमच्या ऑफिसात कुणी 'मिस्टर मेहमेत' लिहितं, कुणी 'मिस्टर यिल्माझ'. बरोबर काय?

उत्तर: इंग्रजीत 'मिस्टर'पुढे आडनावच. 'डिअर मिस्टर यिल्माझ' लिहा आणि निश्चिंत व्हा. 'बे' मात्र पहिल्या नावालाच लागतं, बाईंना 'हानम': मेहमेत बे, आयशे हानम. आपला 'राव' जसा माधवला लागतो, कुलकर्णीला नाही, तसंच. 'मिस्टर मेहमेत' हे 'मेहमेत बे'चं शब्दशः इंग्रजी झालं. कित्येक तुर्की लोक स्वतःच तसं लिहितात, त्यामुळे त्यांना ते खटकणार नाही. ओळख वाढली की 'डिअर मेहमेत बे' लिहा, पलीकडचा खूश होईल. फक्त 'मिस्टर मेहमेत बे' नको, ते 'श्रीयुत माधवरावजीसाहेब' होतं.

पुन्हा प्रश्न: पण आडनाव असताना हाक पहिल्या नावाने का?

उत्तर: कारण तिथे आडनाव फार उशिरा आलं. उस्मानी काळात बहुतेक मुस्लिमांना पिढीजात आडनाव नसे. नाव, बापाचं नाव, गाव, हुद्दा यांवर भागत असे. आडनावाचा कायदा 21 जून 1934 ला संमत झाला आणि 2 जानेवारी 1935 पासून लागू झाला. घरोघरी नवी आडनावं घेतली गेली: देमिर म्हणजे लोखंड, काया म्हणजे खडक, यिल्माझ म्हणजे न डगमगणारा. आडनाव कागदावर पक्कं बसलं, पण हाकेची जुनी रीत काही सुटली नाही.

इंग्रजीत खरी गंमत होते ती इतिहास लिहिताना. एखाद्याचा दुसऱ्यांदा उल्लेख आला की नुसतं आडनाव, ही इंग्रजीची सवय. आता 1915 च्या गॅलिपोलीच्या लढाईबद्दल लिहिताना तिथे लढलेल्या मुस्तफा केमाल यांना, म्हणजे आधुनिक तुर्कीच्या संस्थापकांना, 'अतातुर्क' लिहायचं का? हे आडनाव त्यांना संसदेने नोव्हेंबर 1934 मध्ये दिलं, आणि दुसऱ्या कुणी ते लावू नये असाही कायदा झाला. सख्ख्या बहिणीचं आडनावसुद्धा वेगळं, आतादान. म्हणून काटेकोर लेखक तोपर्यंत 'मुस्तफा केमाल' लिहितात. जुनी इंग्रजी पुस्तकं नुसतं 'केमाल' लिहितात, जणू ते आडनावच; 'केमालिस्ट', म्हणजे त्यांच्या विचारांचे अनुयायी, हा शब्द त्यातूनच रुळला. पण केमाल हेही त्यांचं नावच. त्यांचे सहकारी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले इस्मेत इनोन्यू, त्यांचंही तसंच. आजच्या तुर्कीच्या सीमा ठरवणाऱ्या 1923 च्या लोझान तहावर सही करणारे गृहस्थ इस्मेत पाशा होते, 'इनोन्यू' नंतर झाले. मला विचाराल तर पहिल्या उल्लेखात एकदा दोन्ही नावं द्यावीत आणि पुढे त्या-त्या काळाचं वापरावं.

आणखी एक शंका: शेवटी झेड असेल तर षष्ठी कशी करायची?

उत्तर: नेहमीसारखीच. यिल्माझपुढे अपॉस्ट्रॉफी आणि एस. सगळं कुटुंब म्हणायचं तर 'द यिल्माझेस', तिथे अपॉस्ट्रॉफी नाही. तो झेड म्हणजे इंग्रजी अनेकवचन नव्हे, तुर्की क्रियापदाचा नकार आहे. कोर्कमाझ म्हणजे न घाबरणारा, तोच प्रत्यय. तुर्कीतही विशेषनामानंतर विभक्तीच्या प्रत्ययाआधी अपॉस्ट्रॉफी येतो, अंकारा'दा म्हणजे अंकारात. त्यामुळे तुर्की मजकुरातून नाव उचलताना अपॉस्ट्रॉफीच्या पुढचं शेपूट इंग्रजीत येऊ देऊ नका.

अक्षरांचं थोडक्यात: डोक्यावर अर्धचंद्र असलेला 'जी' उच्चारत नाहीत, तो आधीचा स्वर लांबवतो. इंग्रजी वर्तमानपत्रं बऱ्याचदा ते चिन्ह गाळतात, आणि ती वाचून आपल्याकडे 'एर्दोगन' छापतात. उच्चार साधारण 'एर्दोआन'. इमामोग्लू, दावुतोग्लू यांतला 'ओग्लू' म्हणजे 'चा मुलगा', उच्चार 'ओलू'च्या जवळ. तो तोडून निम्मं नाव वापरू नये.

बायकांची आडनावं राहिली. रूढ पद्धत नवऱ्याचं आडनाव घेण्याची. पण 1993 ते 1996 पंतप्रधान असलेल्या तान्सू चिल्लर यांच्या बाबतीत नवऱ्यानेच बायकोचं आडनाव घेतलं. तेव्हा कुणाला 'मिसेस' लिहिताना आडनाव नवऱ्याचंच असेल असं गृहीत धरू नका, ईमेलखालची सही पाहा.