महाद्वार रोडजवळच्या रेकॉर्डवाल्या काकांनी भरलेल्या कॅसेट कुणाकडं आहेत का?

मंगळवारपेठकर:
दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. महाद्वार रोडवरून आत वळलं की डाव्या हाताला, दोन पायऱ्या चढून, फार तर दहा बाय आठची जागा. पाटीवर काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण सगळे 'काकांकडं' म्हणायचे.

वडील शाहू मिलला होते. पगार झाला की साठची कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन आम्ही दोघं जायचो. काका यादी वाचायचे आणि दोन-तीन गाणी सरळ खोडायचे. "हे तुमच्या भावाला भरून दिलंय, तिथं जाऊन ऐका." गिऱ्हाईक असं परत लावणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. मग कार्डावर हिरव्या शाईनं नावं. आठ दिवसांनी या म्हणायचे, गेलं की अजून चार दिवस.

तर प्रश्न असा. साठची म्हणजे बाजूला तीस मिनिटं. गाणी संपून शेवटी थोडी टेप उरायची, ती काका कोरी सोडत नसत. मनानं काहीतरी भरायचे, कार्डावर त्याचं नाव नसायचं. आमच्या एका कॅसेटला बी बाजूच्या शेवटी एका बाईंचं शास्त्रीय आहे. खरखर भरपूर, शब्द 'जात कहाँ हो' एवढेच लागतात. कोण गातंय ते वडिलांनी कधी विचारलं नाही. "विचारलं तर पुढच्या वेळी नाव लिहितील, मग काय मजा?" जूनमध्ये वडील गेले. म्हणून आता मी विचारतोय. कॅसेटचा आवाजही अगदी खोल येतोय.

रंकाळ्याची_पोरगी:
आई गं, हिरवी शाई! कॉलेजला असताना मी सिनेमाची गाणी भरून घ्यायला गेलो होतो. (आम्ही कोल्हापूरच्या बायका 'गेलो'च म्हणणार, पुण्याच्यांनी हसू नये.) काकांनी यादी बघून विचारलं, "घरात आजी हाय काय?" हाय म्हटलं. ए बाजूच्या शेवटाला नाट्यगीत निघालं, आणि आजीनं अख्खी कॅसेटच ताब्यात घेतली. माणूस बघून भरत असणार.

जुनी_सुई:
भैरवी, केसरबाई केरकर. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारी गवई, म्हणजे आपल्या गावच्या पेठेतलाच आवाज म्हणा. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर जी तबकडी गेली, तिच्यावर भारतातलं संगीत म्हणून एवढंच आहे.

काकांच्या मागच्या फळीवर ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या रेकॉर्डचा ढीग होता. त्या कुणी घेत नव्हतं. एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, उरलेल्या टेपेत बरोबर बसायची. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "पैसे साठ मिनिटांचे घेतलेत."

आवाजाचं: टेपेच्या मागं पितळी पट्टीवर नमद्याची बारकी गादी असते. डिंक सुकला की ती गळते आणि टेप हेडला नीट टेकत नाही. स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडा, तिच्यात तुमच्या दोन्ही चकत्या बसवा. लावण्याआधी एकदा पूर्ण पुढं-मागं करून घ्या. आणि कुणाकडं लाखेच्या रेकॉर्ड असतील तर स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. माझी एक तशीच गेली.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
आमच्या २०१९ च्या पुरात गेल्या सगळ्या. एक वाचली, ती गाडीत होती. शेवटपर्यंत कधी ऐकलीच नाही भावा, घर यायचं तेवढ्यात. आज ऐकतो.

मंगळवारपेठकर:
जुनी_सुई, गादी खरंच आत पडली होती, मसुराच्या डाळीएवढी. चकत्या हलवल्या, पेन्सिल घालून टेप ताणून घेतली, आणि आवाज आला. केसरबाई पूर्ण मात्र नाहीत. काकांचा हिशेब इथं थोडा चुकलाय, शेवटची तान अर्ध्यात तुटते आणि खटकन बटण उडतं. तो 'खट्' झाल्यावरच वडील चहा ठेवायला उठायचे.